डाव्या पायाची हिरवी पावलं

दिपकचं वागणं मला पहिल्यापासून पटत नाही. धाकट्या दिराचा मुलगा म्हणून तोंड आवरते, एवढंच. कुठलंही काम सांगा, "होतंय की काकी" म्हणणार, आणि काम तिथंच पडून राहणार. चपला घालून घरात येणार. झाकण काढलं तर लावणार नाही, दार उघडलं तर ओढणार नाही. आम्हा बायांच्या बियाणे गटाला कागद वाचणारा माणूस हवा होता म्हणून याला घेतला, तर हा गटाचा मालक असल्यासारखा खुर्ची टाकून बसायला लागला!

दिवाळीच्या सुट्टीत माझी नातवंडं सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा हा असाच खुर्चीत बसलेला होता. तेजश्री तेरा वर्षांची, सतत हुकूम सोडणारी. यशपाल अकराचा, सतत काहीतरी खाणारा. दोघं रिक्षातून उतरली, पिशव्या माझ्या ओट्यावर फेकल्या आणि तडक खळ्याकडे पळाली. दिवाळीत खळं मोकळं असतं. धावायला, पडायला, भांडायला तेवढी जागा पेठेत कुठली?

पण खळ्याच्या कडेला दोघं खिळल्यासारखी उभी राहिली.

"तायडे," यशपालच्या तोंडातला शेंगदाणा तोंडातच राहिला. "ते काय आहे गं?"

आमची वस्ती सोलापूरच्या अगदी कडेला. पुढे डांबरी रस्ता, मागे ज्वारीची काळी रानं. मध्ये खळं. तुडवून तुडवून दगडासारखं झालेलं, तिथं गवताची काडी उगवत नाही. खळ्याच्या एका टोकाला गटाची बियाण्याची खोली, दुसऱ्या टोकाला पार्वतम्माचं घर. आणि त्या खोलीच्या दारापासून पार्वतम्माच्या दारापर्यंत हिरवी पावलं उमटली होती.

रंगानं काढलेली नाहीत. उगवलेली! पोपटी, बोटभर उंचीचं गवत, बरोब्बर पायाच्या आकारात. एक पाऊल, मग मोकळी जागा, मग पुन्हा एक पाऊल. सगळी डाव्या पायाची.

"उजवा पाय कुठं गेला?" यशपाल कुजबुजला.

"आणि परत गेल्याची पावलं कुठं आहेत?" तेजश्री म्हणाली. "नीट बघ की! दारापर्यंत येतात, आणि संपतात."

"त्याला शिवू नका रे पोरांनो!" मागून मालतीबाई ओरडली. मालतीबाई म्हणजे आमच्या गटातला चालताबोलता रेडिओ. "पार्वतम्मा हाय ती! उजव्या पायानं लंगडी व्हती न्हवं? डाव्यावरच सगळा भार. बियाण्याच्या खोलीतनं निघती आन् घरात शिरती. शिरती, पर भाईर येत न्हाय!"

पार्वतम्मा श्रावणात गेली. हा गट तिनं आणि मी मिळून उभा केला होता. मालदांडी, गुळभेंडी, आमच्या आज्या-पणज्यांनी पेरलेलं ज्वारीचं बियाणं त्या खोलीत आहे, दुकानात कुठल्याच पुडीत मिळणार नाही असं. खोलीत शिरायचा नियम पार्वतम्मानं घातला होता: उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, पाय धुवायचे, पदर झटकायचा. माणसाच्या अंगावर तणाचं बी बसून येतं आणि बियाण्यात मिसळलं की शेताचं वाटोळं करतं. एकदा एक मोठे साहेब आले, तर त्यांनाही तिनं मोजे काढायला लावले होते!

तिच्यामागे त्या घरात तिची सून आणि बारा वर्षांची नात भीमा. सून चादरीच्या कारखान्यात सकाळी जाते, दिवेलागणीला येते. भीमा दिवसभर एकटी. आणि पाऊस उघडून पावलं उगवल्यापासून तर फारच एकटी. बायका त्या घरावरून जाताना पदर डोक्यावर ओढून पळायला लागल्या होत्या. पोरं लांबून ओरडायची, "भीमे, तुझी अव्वा आली का गं?" भीमा आजीला अव्वा म्हणायची.

भीमा त्या वेळी आपल्या दारात बसली होती. गुडघ्यावर हनुवटी. तेजश्री सरळ तिच्याशेजारी जाऊन बसली.

"माझी अव्वा भूत न्हाय," भीमा तिच्याकडे न बघता म्हणाली.

"आम्ही कुठं म्हटलं?"

"सगळे म्हणतेत. रविवारी बैठक हाय. मेल्या बाईनं धरलेलं बियाणं नको म्हणत्यात. सगळं ओढ्यात टाकायचं आन् दुकानातल्या पुड्या आणायच्या. दिपककाका म्हणाले, बायांनी भिऊ नका, मी एकटाच खोली रिकामी करतो." तिनं गुडघे आणखी पोटाशी ओढले. "अव्वानं जलमभर जपलंय ते. ते गेलं की मग तिचं काय बी न्हाय."

आज गुरुवार होता.

"तीन दिवस आहेत," तेजश्री उठून उभी राहिली. "यश्या, ऊठ! खाणं बंद!"

"मी खातच नव्हतो! घाबरून चघळत होतो!"

संध्याकाळी तिघं माझ्यासमोर आली. यशपालच्या हातात एक रोप, मुळासकट उपटलेलं.

"आजी, गवत पायाच्या आकारात कसं काय उगवतं?"

"मला काय विचारतोस? मी जमिनीखाली राहते का?" मी म्हटलं. "त्याच्या मुळाशी बघ. बी अजून चिकटलेलं असंल. आधी ते कोण हाय ते ओळखा, मग ते कुटनं आलं ते कळंल. भूत हाय का न्हाय, ते सगळ्यात शेवटी."

मी कोनाड्यातल्या काडेपेट्या काढल्या. तीस-बत्तीस होत्या. एकेका पेटीत एकेका तणाचं बी. पार्वतम्माला लिहिता येत नव्हतं आणि माझा हात चौथीतच थांबला, त्यामुळे एकाही पेटीवर नाव नाही. बघायचं, चोळायचं, ओळखायचं.

"हे काय?" मी पहिली पेटी उघडली.

"जिरं!" यशपाल ओरडला.

"खा मग," मी म्हटलं.

"कुंदा हाय तो," भीमा हळूच म्हणाली. "केसाळ असतंय. काळ्या रानात एकदा शिरला की निघत न्हाय."

"आणि हे?"

"राळ्यासारखं दिसतंय," तेजश्रीनं चिमटीत धरून बघितलं.

"राळ्याची धाकटी बहीण," भीमा म्हणाली. "चिकटा. त्याच्या तुऱ्यावर हात फिरवला तर हाताला धरून ठेवतंय. ओढ्याकाठी लई."

पोरीनं एकामागून एक सांगत सुटावं! हरळी, पवन्या, मारवेल... आजीच्या मांडीवर बसून शिकलेली, अडखळायचं नाव नाही. यशपाल तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

मग तिनं त्या रोपाच्या मुळाशी चिकटलेलं बी बघितलं आणि माझ्यापुढे धरलं. मी हातात घेतलं. सुईसारखं टोक, टोकावर तांबूस लव, आणि मागे काळपट, पीळ बसलेली शेपटी.

"कुसळी," मी म्हटलं. "पावलाच्या ठशात अशीच आणखी न उगवलेली हायत का?"

"आहेत! सात-आठ आणलीत." तेजश्रीनं पुडी सोडली.

"ताटलीत ठिवा. पाणी शिंपडा. आन् हात लावू नका."

दिवे लागायची वेळ होती. पार्वतम्माच्या घराकडून वारा येत होता. तिघं ताटलीवर वाकली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एका बियाची शेपटी हलली. आपली आपण. हळूच वळली, थांबली, पुन्हा वळली. मग दुसरी. मग सगळीच्या सगळी ताटलीत गोल गोल फिरायला लागली, कुणीतरी खालून बोटानं फिरवावी तशी. त्यातलं एक उभं राहिलं आणि भीमाच्या दिशेनं कललं.

"आई गं!" यशपालनं ताटली सोडली आणि माझ्या पाठीमागे दडला. "जिवंत आहे ते!"

"जिवंत तर हायच, बी हाय ते! पर फिरतंय दुसऱ्या कारणानं. शेपटीला पीळ असतोय. भिजली की पीळ सुटतोय, वाळली की परत बसतोय. फिरत फिरत बी जमिनीत शिरतंय. सुतळी भिजली की वळवळती, तसं."

समजलं तिघांना. पण त्या रात्री यशपाल माझ्या गोधडीत झोपायला आला, आणि तेजश्रीही काही न बोलता दुसऱ्या बाजूनं शिरली.

शुक्रवारी सकाळी तिघं माळावर गेली. भीमाचं म्हणणं, कुसळी वस्तीत कुठंच नाही, पलीकडच्या माळावरच आहे. कंबरभर गवत, वारा आला की सगळा माळ एका अंगावर वळणारा, आणि माणूस औषधाला नाही. तेजश्रीनं एक कणीस तोडलं.

"हे तर हिरवं आहे! कुसळं किती मऊ!"

"यंदा पाऊस लांबला. अजून पिकलं न्हाय," भीमा म्हणाली.

"मग आपल्याला खळ्यावर सापडलेलं बी काळं आणि टणक कसं?"

तिघं धापा टाकत माझ्याकडे आली. मला हसू आलं. बरोबर जागी बोट ठेवलं होतं पोरांनी!

"कोवळं कुसळ उगवत न्हाय," मी सांगितलं. "पिकलेलं बी लगेच उगवत न्हाय. एक उन्हाळा अंगावर काढावा लागतोय त्याला. म्हणजे खळ्यावर जे उगवलंय ते..."

"गेल्या वर्षीचं!" तिघं एकदम ओरडली.

"गेल्या वर्षी माळाचं गवत कापून कुणी नेलं?" तेजश्रीनं विचारलं.

भीमानं माझ्याकडे बघितलं. मी भीमाकडे. गेल्या साली माळाचं गवत दिपकनं कापलं होतं. पण गुढीपाडव्याच्या आधीच सगळं विकून टाकलं, असं त्यानं चारचौघांत सांगितलं होतं.

"दिपककाका!" यशपाल उडालाच. "चला, जाऊन विचारू!"

"खाली बस!" मी डाफरले. "इचारशील आन् तो म्हणंल, 'मला काय म्हाईत?' मग काय करशील? एका काडीवरनं कुणाला चोर ठरवायचं न्हाय. दाखवता येईल असं काही आणा."

बियाण्याच्या खोलीला एकच झरोका आहे, मागच्या भिंतीला, उंचावर. किल्ली पूर्वी भीमाच्या दारातल्या खिळ्याला असायची. पण दोनच दिवसांपूर्वी दिपकनं ती स्वतःकडे नेली होती, "कुणी भलतंसलतं उघडू नये म्हणून." शनिवारी तिन्हीसांजेला तिघं झरोक्याखाली जमली. ओढ्यातली बेडकं एकदम गप्प झाली होती. तेजश्री भिंतीला टेकून उभी राहिली, यशपाल तिच्या खांद्यावर चढला.

"काय दिसतंय?"

"काळोख. थांब... कणसं टांगलीत वर... मडकी आहेत... आणि..."

"आणि काय?"

यशपालनं तेजश्रीचे केस घट्ट धरले. "कुणीतरी बसलंय."

"काय?"

"कोपऱ्यात. वाकून. अंगावर काळी घोंगडी आहे, लाल काठाची..."

भीमाच्या तोंडून आवाज निघाला. तशी घोंगडी आमच्या वस्तीत एकच होती. पार्वतम्माची.

त्याच वेळी आत काहीतरी खसफसलं. लांबलचक, दमल्यासारखं. कुणी बसल्या जागी श्वास सोडावा तसं. आणि ती घोंगडी डोक्याकडून हळूहळू खाली झुकली.

यशपाल पडला तो थेट तेजश्रीच्या अंगावर! दोघं उठली, आपटली, पुन्हा उठली आणि पळत सुटली. खळ्याच्या मध्यावर आल्यावर तेजश्रीच्या ध्यानात आलं की भीमा मागे नाही.

तिनं वळून बघितलं. भीमा तिथंच होती. दोन्ही तळहात खोलीच्या भिंतीवर टेकवून, कान लावून.

"अव्वा?" ती विचारत होती. "अव्वा, इल्ले इद्दिया?"

इथंच आहेस का, असं. कानडीत.

रविवारी उजाडायच्या सुमारास तेजश्रीला जाग आली. रात्रभर तिला झोप नव्हतीच. ओट्यावर आली तर खळ्यावर धुकं पसरलेलं, आणि धुक्यात एक लहान आकृती वाकून चाललेली. एका पावलापाशी थांबायची, वाकायची, मग पुढच्या पावलापाशी.

तेजश्री दोन पावलं मागे सरली. पण मग तिला तांब्या दिसला.

"भीमा!"

भीमा दचकली. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"तू पाणी घालतेस? पावलांना?"

भीमानं मान खाली घातली.

"अगं, पण का? तूच म्हणतेस ना, अव्वा भूत नाही म्हणून?"

"न्हायच," भीमा म्हणाली. "अव्वाचा पाय माझ्याएवढाच व्हता. तिच्या चपला मीच घालत व्हते. पहिल्याच दिवशी मी त्या पावलात पाय ठिवून बघितला. लई मोठं हाय ते. गड्याचं हाय."

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"व्हय."

"मग?"

"पाऊस थांबला ना. सुकून गेली असती." भीमाचे डोळे भरले. "कुणाची का असंना, माझ्या दारात तर येत व्हती."

तेजश्री तिच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मग तेजश्री म्हणाली, "भीमा, आज ही पावलं कुणाची ते कळलं, तर ती पुन्हा तुझ्या अव्वाची होणार नाहीत. आणि नाही कळलं, तर बियाणं ओढ्यात जाईल. तू सांगशील तसं करू."

भीमानं त्या पोपटी पावलांकडे पार शेवटपर्यंत बघून घेतलं. मग उरलेलं पाणी बाजूच्या तुळशीला ओतलं.

"किल्ली," ती नाक पुसत म्हणाली. "मी शाळेतनं आले की खिळ्याला उलटी असायची. अव्वानं ती कवाच उलटी टांगली न्हवती. श्रावण सरल्यापास्नं असं चार-पाच बारी झालं. कुणीतरी दुपारी न्यायचं, खोलीत जायचं, किल्ली परत लावायला आमच्या दारात यायचं..."

"...आणि तिथून डांबरी रस्त्यानं निघून जायचं!" तेजश्रीनं टाळी वाजवली. "म्हणून पावलं येतात, पण परत जात नाहीत! पायाला बी लागतं ते खोलीत, ओल्या खळ्यावर झडतं, आणि तुझ्या दाराशी येईपर्यंत संपतं! पण मग डावाच पाय का?"

"पाय धरून विचारू की!" मागून आवाज आला. यशपाल पांघरूण गुंडाळून उभा होता. "म्हणजे पायाला नाही. चपलेला!"

तिघांनी डोकी एकत्र केली. मग माझ्याकडे आली. बेत ऐकून मी म्हटलं, "मला आवडला. पण पाणी मी तापवणार न्हाई, तुमीच तापवा."

नऊ वाजता बैठक. माझ्या ओट्यावर. पायरीपाशी तेजश्री घागर घेऊन उभी, यशपाल हातात पंचा घेऊन.

"चपला इथं काढा, पाय धुवा, मग वर. पार्वतम्माआजींचा नियम!"

"आता गं बया, हे काय खोलीत शिरणं हाय व्हय?" मालतीबाई कुरकुरली.

"पार्वतम्माच्या बियाण्याचा निकाल लावायला आलाय न्हवं?" मी वरून म्हटलं. "मग तिच्या नियमानं या!"

दहा बाया आणि दिपक. अकरा जोड चपला. पोरांनी त्या उचलून परड्यात नेल्या. वर बैठक सुरू झाली. दिपक खुर्चीत बसून सांगायला लागला की त्यानं पुड्यांसाठी दुकानदाराशी बोलून ठेवलंय, आणि खोली तो आजच दुपारी रिकामी करतो, बायांनी यायची गरजच नाही. मालतीबाई डोळे पुसत म्हणाली, "मी तर भेवानं आठ दीस त्या खोलीकडं फिरकले न्हाय."

"थांबा!"

तेजश्री ताट घेऊन आली. ताटात अकरा बशा. प्रत्येक बशीत थोडं पाणी आणि चिखलाचा गाळ. मागून भीमा, आणि शेवटी पाठीमागे काहीतरी लपवलेला यशपाल.

"चपलांच्या तळव्यातून निघालेलं बी आहे," तेजश्री म्हणाली. "कोण कुठं गेलं होतं ते चप्पल सांगते. भीमा, सुरू कर!"

भीमाचा आवाज आधी कापत होता. "ही शेजारच्या आजींची. हरळी. अंगणातली. ही पलीकडच्या काकूंची. ज्वारीचा कोंडा, मारवेल. बांधावरची." मग ती अडखळली. "ही मालतीकाकूंची. चिकटा. ओढ्याकाठचा."

"खोलीच्या मागं, झरोक्याखाली आहे चिकटा!" यशपाल ओरडला. "आम्हालाही लागला काल! काकू, तुम्ही भूत बघायला गेला होतात!"

बायांत खसखस पिकली. मालतीबाई लालबुंद झाली. "जरा... वाकून बघितलं आसंल. एकदाच!"

"आणि ही," भीमानं शेवटची बशी पुढे केली.

बशीत बारीक काळपट काड्या होत्या. सगळ्या बाया वाकल्या. एक काडी हलली. वळली. मग दुसरी. मग सगळ्या आपापल्या फिरायला लागल्या. हसणं मध्येच तुटलं. एक जण तर मागे सरकली आणि भिंतीला टेकली.

"कुसळी हाय," भीमा म्हणाली. आता तिचा आवाज अजिबात कापत नव्हता. "खळ्यावरच्या पावलांत हीच उगवलीय. ही दिपककाकांच्या डाव्या चपलेतली."

"माळावर गेलो असंन की कवातरी!" दिपक हसला. "त्यात काय एवढं?"

"माळावरची कुसळी अजून हिरवी हाय, काका. ही गेल्या सालची हाय."

यशपालनं पाठीमागची चप्पल पुढे आणली. उजवीचा तळवा झिजून गुळगुळीत. डावीचा तळवा तुटला होता, तिथं चांभारानं टायरचा तुकडा ठोकून दिला होता. त्या टायरच्या खाचाखाचांत बी दाबून बसलेलं. मग त्यानं खळ्यावरच्या पावलावर धरून कापलेला कागद त्या चपलेवर ठेवला. कागद आणि चप्पल, टाचेपासून अंगठ्यापर्यंत एक!

"किल्ली, दिपककाका," तेजश्रीनं हात पुढे केला.

दिपकनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं खिशातून किल्ली काढली.

सगळ्या बाया खळं ओलांडून गेल्या. दारापाशी मात्र कुणी पुढे होईना. भीमानंच पाय धुतले आणि दार ढकललं. कोपऱ्यात ती बसलेली होती. वाकलेली, घोंगडी पांघरलेली. भीमा तिच्यापर्यंत गेली, हात लांब केला, आणि घोंगडी ओढली.

खाली गवत होतं. पेंढ्यांवर पेंढ्या रचलेल्या, गेल्या सालच्या वाळलेल्या कुसळीच्या. ओढताच वरच्या पेंढ्या खसफसत घसरल्या, आणि तो लांब, दमलेला श्वास पुन्हा ऐकू आला.

भीमानं घोंगडी छातीशी धरली, तिच्यात तोंड घातलं आणि तशीच उभी राहिली. घोंगडीभर कुसळं रुतली होती.

मी मडकी बघितली. तोंडं शेणमातीनं लिंपलेली, एकही लिंपण तडकलेलं नव्हतं. आतलं बियाणं जसंच्या तसं. वर टांगलेल्या कणसांवर मात्र कुसळं उडाली होती. ती निवडावी लागणार होती, एकेक दाणा.

"पेरायला चार दीस हायत," मी म्हटलं. "सुपं आणा!"

दुपारपर्यंत खळ्यावर दहा सुपं लागली. प्रत्येकीचा ढीग निवडून झाला की भीमा बघायची, बोटानं पसरायची, आणि कुसळी सापडली की परत करायची. मालतीबाईचा ढीग तिनं दोनदा परत केला.

"लई कडक हाय गं बाई ही!" मालतीबाई म्हणाली. मग तिनंच भीमाच्या पाठीवरून हात फिरवला. "अगदी तशीच. आमी येड्या, भेऊन लांब पळालो. आन् ही दोन पेठेतली पोरं बघा की! आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना चपला काढायला लावून शहाणपण शिकवलं!" यशपालला तिनं मूठभर गूळ-शेंगदाणे दिले. त्यानं मोठ्या मनानं तेजश्रीला दोन दिले.

दिपक डांबरी रस्त्यानं वळसा घालून निघून चालला होता. मी हाक मारली.

"काकी, चुकलं," तो तिथूनच म्हणाला. "गिऱ्हाईक फिरलं, गवत पडून राहिलं, आन् पाऊस आला. कोरडी जागा तेवढीच व्हती. घोंगडी खोलीतच टांगलेली व्हती, ती वर झाकली. भुताचं मी कुठं बोललो? बायाच बोलत व्हत्या."

"आन् तू?"

तो खाली बघायला लागला. "गप बसलो."

सुपं थांबली. सगळ्या बाया ऐकत होत्या, म्हणून मी आवाज चढवला नाही.

"दिपक, पावसात गवत आत ठिवलंस, ते मी शिव्या देऊन सोडलं असतं. पण ही पोरगी रोज अंधारात उठून तुझ्या पायाच्या ठशाला पाणी घालत व्हती, आन् तू ह्याच खळ्याच्या कडेला खुर्ची टाकून, लोकांनी तिच्या अव्वाला भूत केलेलं ऐकत बसलास. गटाचं काम आजपास्नं तुझ्याकडं न्हाय. ही पावलं बी तू उपटायची न्हाईस. कुसळ धरायच्या आत भीमा उपटंल, तिचं तिला कळतंय. तवर रस्त्यानं वळसा घालायचा न्हाय. रोज हितनंच, त्या पावलांच्या बाजूनं, अनवाणी चालत जायचं, आन् तिच्या दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, ही माझी हायत. चल, आजपास्नंच. चपला हितं ठिव."